फुटिंगचं स्टील बांधताना: घोडबंदर ते उलवे, त्याच त्या चुका

काँक्रीटची गाडी अकराला येणार असते आणि मला साडेदहाला बोलावलेलं असतं. फुटिंगच्या, म्हणजे कॉलमखालच्या पायाच्या, खड्ड्यात वरून डोकावलं की सळ्यांची जाळी कशी छान दिसते, चौकोन सारखे, तारा बांधलेल्या. मग मी खाली उतरतो, जाळीचा मधला भाग हाताने दाबतो, ती पीसीसीला, म्हणजे तळाच्या साध्या काँक्रीटच्या थराला, टेकते, आणि मालकाचा चेहरा उतरतो. गाडी परत पाठवायची की तशीच रिकामी करायची, यावर वरती बोलणी सुरू होतात.

ठाण्यातले बंगले, नवी मुंबईत सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतल्या प्लॉटवरच्या इमारती, गावठाणातली तीन मजली घरं, सगळीकडे हाच अनुभव. फिटरला, म्हणजे सळ्या बांधणाऱ्याला, गाठ मारता येत नाही असं क्वचितच होतं. चुकतो तो क्रम. जाळी आधी बांधतात, कव्हर ब्लॉक, म्हणजे जाळी उचलून धरणारे ठोकळे, नंतर सरकवतात. कॉलमच्या सळ्या आधी उभ्या करतात, सेंटर नंतर शोधतात. शटरिंगला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या फळ्यांना, तेल लावतात तेव्हा स्टील आत बसलेलं असतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तारेच्या गाठीने पायाला काडीचीही ताकद मिळत नाही. काँक्रीट घट्ट झालं की गाठीचं काम संपलं. तोवर माणसं जाळीवरून चालतील, काँक्रीट धपकन पडेल, व्हायब्रेटर फिरेल, आणि तरी सळई नकाशातल्या जागेवरून हलता कामा नये, एवढ्यासाठी ती असते. म्हणून पुढे प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा: हे ओतकाम संपेपर्यंत इथेच राहील का?

समजायला सोपं जावं म्हणून एक फुटिंग धरून चालू. लांबी १८०० एमएम, रुंदी १५०० एमएम, जाडी ४५०. दोन्ही दिशांना १२ एमएमच्या सळ्या, १५० एमएम अंतराने. कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेरचं काँक्रीट, ५०. काँक्रीटचा ग्रेड एम३०, स्टीलचा एफई ५००डी. कॉलम ३०० बाय ४५०, त्यात १६ एमएमच्या आठ सळ्या. तुमच्या नकाशातले आकडे वेगळे असणार. पाळायचे ते तेच, माझे नाहीत.

## १. नकाशा घरी वाचा, खड्ड्यात नाही

स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नकाशातून प्रत्येक फुटिंगसाठी या गोष्टी एका वहीच्या पानावर उतरवून घ्या: आकार, सळईचा व्यास, अंतर, कव्हर, कोणत्या दिशेची सळई खाली, टोकं वर वाकवायची असतील तर किती, कॉलम सळ्यांची संख्या आणि खालच्या 'एल'ची, म्हणजे वाकवलेल्या पायाची, लांबी. आपल्याकडच्या साइटवर बहुतेक फिटर बंगाल-बिहारकडचे असतात, जुना मुकादम अजून '१२ एमएम'ला चार सूत म्हणतो, आणि नकाशा इंग्रजीत असतो. आकडे लिहिलेलं पान तिघांनाही कळतं.

मग संख्या काढा. १८०० लांबीच्या सळ्या १५०० रुंदीत पसरायच्या आहेत. दोन्ही बाजूंचं कव्हर वजा केलं की १४०० उरतात. १४०० भागिले १५० म्हणजे ९.३३. इथे फिटर नऊ धरतो. आपण दहा धरायचे, कारण १५० ही जास्तीत जास्त मर्यादा आहे. दहा गाळे, म्हणजे सळ्यांमधल्या मोकळ्या जागा, तर सळ्या अकरा. दुसऱ्या दिशेला १७०० भागिले १५०, म्हणजे ११.३३, म्हणून बारा गाळे आणि तेरा सळ्या. गाळे आणि सळ्या यांच्यातला हा एकाचा फरक विसरला की प्रत्येक फुटिंगमध्ये प्रत्येक दिशेला एक सळई कमी पडते. वीस फुटिंगच्या साइटवर चाळीस सळ्या गेल्या, आणि जाळी बघून ते कुणाला कळतही नाही.

लांबट फुटिंगमध्ये आणखी एक. आखूड दिशेच्या सळ्या नकाशात कॉलमखालच्या मधल्या पट्ट्यात जवळजवळ आणि कडेला विरळ दाखवलेल्या असू शकतात. ती ड्राफ्ट्समनची चूक नाही. भारतीय मानक (आय.एस.) ४५६ मध्येच तसं सांगितलंय. 'सगळीकडे सारखं करून टाकलं साहेब' हे ऐकलं की जाळी सोडवायला लावा.

## २. माल आला की आधी तपासा, मग उतरवा

सळई. आपल्या भागात माल बहुधा कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून किंवा जवळच्या डीलरकडून येतो. सळईवर कंपनीचं नाव आणि ग्रेड उमटवलेला असतो. बंडलच्या टॅगवरचा हीट नंबर (भट्टीतल्या घाण्याचा क्रमांक) आणि सोबतचं टेस्ट सर्टिफिकेट जुळतंय का ते बघा. वजनाचा हिशेब सोपा आहे: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किलो. १२ एमएमचे होतात ०.८८८. बारा मीटरची एक सळई १०.६६ किलो. दहा सळ्या एकत्र तोला, १०६.६ किलो भरायला हव्यात. आय.एस. १७८६ प्रमाणे या व्यासाला पाच टक्क्यांची सूट आहे, म्हणजे १०१ च्या खाली काटा आला तर माल परत.

गंज. पावसाळ्यात इथे सळईवर तांबूस थर दोन दिवसांत येतो. गोणपाटाने घासून निघतो तो गंज चालतो. पापुद्रे निघत असतील तर वायर ब्रश मारून पुन्हा वजन करा. घासल्यावर खड्डे दिसले तर ती सळई पायात नको. माल मातीवर टाकू नका. लाकडी ओंडक्यांवर ठेवा आणि वर ताडपत्री, पण बाजूने हवा खेळती राहील अशी. ताडपत्री घट्ट गुंडाळली की आत घाम धरतो आणि गंज दुप्पट.

तार. १८ गेजची, तापवून मऊ केलेली काळी बाइंडिंग वायर. विकत घेताना एक तुकडा दोनदा वाकवून सरळ करा. कडक असेल तर गाठ मारताना तुटेल आणि फिटर वैतागून गाठीच मारायच्या सोडेल. एका टन स्टीलला आठ ते दहा किलो तार धरा.

कव्हर ब्लॉक. यावर जरा थांबतो, कारण इथेच सगळ्यात जास्त कंजुषी होते. फुटिंगला किमान ५० एमएम कव्हर हे मानकातच आहे. खाडीजवळ ते आणखी महत्त्वाचं. किनारपट्टीच्या हवेतलं उघडं काँक्रीट 'सिव्हिअर' वर्गात येतं, तिथे आरसीसीला किमान एम३० लागतो. जमिनीतलं पाणी खारट किंवा सल्फेटचं असेल तर वर्ग त्याहून वरचा. म्हणून दिवा, घणसोली, बाळकूम अशा खाडीकडच्या प्लॉटवर माती आणि पाण्याची तपासणी इंजिनिअरला आधी दाखवा. ग्रेड आणि कव्हर तो ठरवेल.

ब्लॉक हा फुटिंगच्याच ग्रेडच्या काँक्रीटचा असावा, बारीक खडी घालून केलेला, आठवडाभर पाण्यात ठेवलेला, वरून तार निघालेला. तयार ब्लॉक बाजारात मिळतात, ते सरळ घ्या. साइटवर मला आजवर ब्लॉक म्हणून मिळालेल्या वस्तू: विटेचा तुकडा, फरशीचा तुकडा, दगड, शटरिंगच्या फळीचं टोक, आणि एकदा चक्क सळईचेच तुकडे. वीट पाणी शोषते. लाकूड कुजतं आणि पोकळी राहते. सळईचा तुकडा तर जमिनीतला ओलावा थेट जाळीपर्यंत नेतो.

> तपासा: एक ब्लॉक कमरेच्या उंचीवरून पीसीसीवर टाका. फुटला तर सगळी पाटी बाजूला काढा.

## ३. कापणी आणि वाकवणी

आपल्या उदाहरणात टोकं वर ३०० एमएम वाकवायची आहेत असं धरू. लांब सळई: १८०० वजा दोन्हीकडचं कव्हर १००, म्हणजे १७००. त्यात ३०० अधिक ३००. झाले २३००. यातून वाकाची वजावट करायची, ९० अंशाच्या प्रत्येक वाकाला व्यासाच्या दुप्पट, म्हणजे २४. दोन वाक, ४८. कापायची लांबी २२५२ एमएम. तशीच आखूड सळई १९५२.

ही वजावट न करता २३०० कापली तर वाकवलेल्या पायांत ४८ एमएम जास्त येतात. फिटर ते खपवायला मधली लांबी वाढवतो आणि टोकं शटरिंगला जाऊन चिकटतात. बाजूचं कव्हर संपलं.

बारा मीटरच्या सळईतून २२५२ चे पाच तुकडे निघतात आणि ७४० एमएम उरते. १९५२ चे सहा निघतात आणि २८८ उरते. अकरा लांब तुकड्यांसाठी दोन सळ्या आणि वर एक तुकडा लागतो, म्हणून तिसऱ्या सळईतून एक लांब आणि पाच आखूड काढू म्हटलं तर बेरीज येते १२,०१२. बारा एमएम कमी पडतात! कटिंग लिस्ट कागदावर करण्याचा हा फायदा: असली मोहमाया आधीच कळते. कापल्यावर कळली तर एक सळई आखूडच लागते, आणि ती कुठे लागली ते कुणी सांगत नाही.

वाकवताना:

- सळई थंडच वाकवायची. गॅस कटरने लाल करून वाकवलेली टीएमटी वापरायची नाही. तिचं बाहेरचं कडक कवच उष्णतेने मऊ होतं, आणि तेच तर आपण पैसे देऊन घेतलेलं असतं.
- वाकाच्या आतला व्यास सळईच्या चौपट तरी हवा, म्हणजे १२ एमएमला सुमारे ४८. फळीवर दोन बारीक खुंट्या ठोकून चावीने झटका दिला की वाक टोकदार येतो. बाहेरच्या अंगाला बोट फिरवा, चीर लागली तर तुकडा बाद.
- एकदा वाकवलेली सळई सरळ करून पुन्हा वाकवायची नाही. इंजिनिअरच्या परवानगीशिवाय तर नाहीच.

कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवती बसणाऱ्या रिंगा याच वेळी करून ठेवा. हूक १३५ अंशाचा, पुढे शेपूट व्यासाच्या सहापट आणि किमान ६५ एमएम. आठ एमएमच्या रिंगेला सहापट म्हणजे ४८ येतात, म्हणून ६५ धरायचे. ठाणे-मुंबई पट्टा आय.एस. १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत भूकंपाच्या झोन ३ मध्ये आहे, त्यामुळे ही सोय ऐच्छिक नाही. ९० अंशाचा हूक बांधायला सोपा म्हणून फिटरला आवडतो. धक्का बसला की कव्हर उडतं आणि तोच आधी उघडतो.

## ४. पीसीसीवर आखणी

पीसीसी फुटिंगच्या चारही बाजूंना थोडी बाहेर आलेली, सपाट आणि कडक झालेली हवी. सकाळी टाकून संध्याकाळी जाळी ठेवली की ब्लॉक त्यात रुततात.

कोपरखैरणे-ऐरोलीकडे खाडीच्या बाजूचे खड्डे भरतीला पाझरतात. पीसीसीच्या बाहेर एका कोपऱ्यात हातभर खोल खळगा ठेवा आणि पंपाचं तोंड त्यात. पीसीसीवर पाणी किंवा चिखल असताना आखणी करू नका. खडू टिकत नाही, आणि चिखल पुढे सळईला लागतो. खड्डा दीड मीटरहून खोल असेल तर बाजूंना आधार दिल्याशिवाय माणूस खाली उतरवू नका.

आखणीचा क्रम:

1. बाहेरच्या पक्क्या खुंट्यांवरून लाइनदोरी ताणा, दोन्ही दिशांनी. ओळंब्याने कॉलमचं सेंटर पीसीसीवर उतरवा आणि खिळा ठोका.
2. गुण्याने काटकोन तपासा, मग फुटिंगच्या चार कडा मारा. दोन्ही कर्ण मोजा. आपल्या उदाहरणात कर्ण २३४३ एमएम येतो, दोन्ही सारखे हवेत.
3. कडेपासून ५० आत दुसरी रेघ मारा. जाळीची शेवटची सळई या रेघेच्या बाहेर जाणार नाही.
4. प्रत्येक सळईची जागा खडूने खुणावा. टेप एकाच टोकापासून लावायचा. प्रत्येक वेळी १५० पुढे सरकवत गेलात तर चूक साचत जाते.
5. कॉलमचा चौकोनही आखा.

यातली पहिली पायरी मी स्वतः एकदा गृहीत धरली होती. खुंट्या आदल्या दिवशी मीच मारल्या होत्या, मग पुन्हा कशाला बघायच्या? रात्री जेसीबीच्या चाकाने एक खुंटी ढकलली होती. ओतकाम झालं, आठवड्याने प्लिंथची (जोत्याची) लाइन घेतली, तर एक कॉलम ७० एमएम बाहेर. इंजिनिअरने पेडेस्टल (कॉलमखालचा ठोकळा) मोठं करून वाट काढून दिली. खर्च मालकाला पडला आणि मान खाली घालायची पाळी माझ्यावर आली. तेव्हापासून खुंट्यांच्या भोवती डबर रचून ठेवतो आणि जाळी उतरवण्याच्या सकाळी सेंटर पुन्हा घेतो.

## ५. जाळी: ब्लॉक आधी, सळई नंतर

आता शटरिंग आतून तेल लावून उभं करा, किंवा निदान फळ्यांना तेल लावून बाहेर वाळवून ठेवा. स्टील आत गेल्यावर ब्रश चालवायचा नाही. तेल लागलेल्या सळईला काँक्रीट धरत नाही.

कव्हर ब्लॉक पीसीसीवर खडूच्या खुणांवर मांडा. या आकाराला तीन ओळींत तीन, एकूण नऊ. मीटरपेक्षा जास्त अंतर कुठेही नको. नंतर पहारीने जाळी उचलून ब्लॉक सरकवू म्हटलं, तर ते हात पोचतो तिथेच लागतात, म्हणजे कडेला. मधे कॉलमखाली, जिथे सगळ्यात जास्त ताण येतो, तिथे जाळी लोंबकळत राहते.

मग लांब दिशेच्या अकरा सळ्या ब्लॉकवर ठेवा. त्यांच्यावर आडव्या, आखूड दिशेच्या तेरा. लांब सळई खाली, कारण त्या दिशेला वाकवणारा जोर जास्त असतो आणि सळई जितकी खाली तितका तिचा उपयोग. आपल्या उदाहरणात खालच्या थराला कामाची खोली, म्हणजे फुटिंगच्या माथ्यापासून सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर, ३९४ एमएम मिळते, वरच्याला ३८२. नकाशात उलटं दाखवलं असेल तर नकाशाप्रमाणे.

जाळी बाहेर बांधून चार माणसांनी उतरवायची पद्धत लहान फुटिंगला चालते. पण ब्लॉक खड्ड्यात आधी मांडलेले हवेत आणि उतरवल्यावर प्रत्येक ब्लॉक सळईला बांधायला हवा. जाळी ओढत नेऊन जागेवर बसवली की अर्धे ब्लॉक आडवे होतात.

बाजूचं कव्हर विसरू नका. वर वाकवलेल्या टोकांना बाहेरून ब्लॉक किंवा प्लास्टिकचे गोल स्पेसर बांधा, प्रत्येक बाजूला दोन-तीन.

> तपासा: ५० एमएम जाडीचा लाकडी ठोकळा घ्या आणि जाळीखालून चारही बाजूंनी सरकवा. कुठेही अडकला तर तिथे कव्हर कमी आहे. मानकात कव्हरला १० एमएम जास्त चालतं, कमी मात्र एक एमएमही नाही. तपासून झाल्यावर ठोकळा खिशात घाला. तो जाळीखाली राहिलेला मी पाहिलाय.

## ६. गाठ

अर्धा मीटर तार दुमडून पाव मीटरचा दुहेरी तुकडा करा. असे शंभरेक तुकडे सकाळीच कापून कमरेला खोचा. बंडलमधून ओढत ओढत बांधणारा फिटर दुपारी चारला गाठी गाळायला लागतो.

आता हात बघा. जिथे दोन सळ्या एकमेकींना छेदतात तिथे तुकडा तिरपा, खालच्या सळईच्या खालून घालायचा. दुमडलेलं टोक एका कोपऱ्यातून वर येतं, सुटी टोकं समोरच्या कोपऱ्यातून. हातातला बांधायचा हूक दुमडीत अडकवा, सुटी टोकं त्याच्यावरून आडवी घ्या, हूक आपल्याकडे ओढा आणि ओढतानाच फिरवा. आधी ओढ, मग पीळ. नुसतंच फिरवलं तर पीळ वरच्या वर बसतो आणि खाली सळ्या ढिल्या राहतात. दोन-तीन फेऱ्यांत हूक जड लागायला लागतो, तिथे थांबा. आणखी अर्धी फेरी हौसेने दिली की तार 'टक' करून तुटते. शेवटी शेपूट हुकाच्या पाठीने खाली, जाळीच्या आतल्या बाजूला दाबा. शेपूट बाहेर, कव्हरमध्ये राहिली की गंजाला आत शिरायला तीच पहिली वाट. खाडीच्या हवेत हे फार लवकर होतं.

कुठे बांधायचं? कडेच्या दोन्ही बाजूंच्या सळ्यांवर प्रत्येक छेदाला. आत एक सोडून एक, बुद्धिबळाच्या पटासारखं. आपल्या जाळीत १४३ छेद आहेत. कडेचे ४४ सगळे आणि आतल्या ९९ पैकी पन्नास, म्हणजे साधारण ९४ गाठी. कॉलमच्या चौकोनाखाली मात्र मी सगळे बांधून घेतो, कारण तिथे माणसं सगळ्यात जास्त नाचतात.

आणि दिशा बदला. सगळ्या गाठी एकाच तिरपीत मारल्या तर जाळी पतंगासारखी तिरकी होते. एक गाठ या कर्णाने, पुढची त्या.

> तपासा: एका कोपऱ्यातली सळई धरून उचला. जाळी अख्खी उचलली गेली तर बांधणी ठीक. नुसती सळईच वर आली तर पुन्हा बसा.

## ७. कॉलमचे स्टार्टर

स्टार्टर म्हणजे फुटिंगमधून वर काढलेल्या कॉलमच्या सळ्या. इथे घाई महागात पडते. जाळी थोडी हलली तर निभावतं, कॉलम हलला तर अख्खी इमारत त्याच्यामागे जाते.

पीसीसीवरचा कॉलमचा चौकोन जाळीतून दिसत असतो. त्याच्यावरून ओळंबा जाळीवर घ्या. आठ सळ्यांचे 'एल' जाळीवर टेकवा, पाय बाहेरच्या दिशेला, आणि प्रत्येक पाय जाळीच्या सळईला दोन ठिकाणी बांधा. पाय पीसीसीपर्यंत खाली खुपसू नका.

मग रिंगा. 'फुटिंगमध्ये रिंग कशाला, ते तर काँक्रीटमध्येच जाणार' हे वाक्य मी पंधरा वर्षं ऐकतोय. कॉलमच्या तळाशी ज्या जवळजवळ रिंगा असतात त्या फुटिंगमध्ये किमान ३०० एमएम खालपर्यंत न्यायच्या असतात, आय.एस. १३९२० तसंच सांगतं. रिंगांचे हूक एकाच कोपऱ्यात आणू नका, प्रत्येक रिंगेला कोपरा बदला. कॉलमच्या कोपऱ्यातली प्रत्येक गाठ मारायचीच, इथे एक सोडून एक नाही.

वरती, शटरिंगच्या किंचित वर, लाकडी किंवा सळईचा नेमक्या मापाचा चौकट-साचा बसवा. सळ्यांचा घेर तोच धरून ठेवतो. स्टार्टरला दोन दिशांनी तिरके टेकू द्या, पण ते शटरिंगला बांधू नका, बाहेर जमिनीत रोवा. शटरिंग काँक्रीटच्या दाबाने हलतं आणि कॉलमला सोबत नेतं.

स्टार्टरची उंची किती ठेवायची? जमिनीपासून दीड-दोन फूट वर आलं की बास, असा रिवाज आहे, आणि तो चुकीचा आहे. कॉलमचा लॅप, म्हणजे दोन सळ्या शेजारी-शेजारी ठेवून केलेला जोड, मजल्याच्या मधल्या अर्ध्या भागात यायला हवा. तीन मीटर मोकळ्या उंचीचा कॉलम असेल तर लॅप ०.७५ ते २.२५ मीटरच्या दरम्यान. एम३० आणि एफई ५०० ला लॅप साधारण व्यासाच्या ४५ पट, म्हणजे १६ एमएमला ७२५ च्या आसपास. एका पातळीवर निम्म्याहून जास्त सळ्या जोडायच्या नाहीत, आणि लॅपच्या पूर्ण लांबीत रिंगा १०० एमएमच्या आत. म्हणजे स्टार्टर माणसाच्या उंचीचे निघणार. वारा लागतो, टेकू लागतात, फिटर कुरकुरतो. त्याला चहा पाजा, पण सळई कापू देऊ नका.

उभ्या सळ्यांच्या टोकांवर रिकाम्या पाण्याच्या बाटल्या उलट्या घाला. खड्ड्याच्या कडेवरून पाय घसरला तर त्या उघड्या टोकांवर माणूस पडतो.

## ८. राफ्ट असेल तर

भराव टाकून केलेल्या जमिनीवर इंजिनिअर बरेचदा सुटी फुटिंग न देता राफ्ट, म्हणजे अख्ख्या इमारतीखाली एकच सलग पाया, देतो. त्यातली खालची जाळी आतापर्यंत सांगितली तशीच. वरच्या जाळीला चेअर, म्हणजे तिला उचलून धरणारे आधार, लागतात, १० किंवा १२ एमएमच्या सळईच्या, मीटरभर अंतराने. चेअरचे पाय खालच्या जाळीवर बांधायचे, पीसीसीवर टेकवायचे नाहीत. चेअर आखूड निघाली की वरची जाळी माणसांच्या वजनाने खाली बसते. एक माणूस मधोमध उभा करून बघा, दबली तर चेअर वाढवा.

## ९. गाडी बोलावण्याआधी

आदल्या दिवशी संध्याकाळी, उजेड असताना, इंजिनिअरला बोलावून तपासून घ्या. सकाळी गाडी दारात उभी असताना कुणाचंही मन 'नाही' म्हणायला धजावत नाही. माझा क्रम असा असतो:

- सळ्यांची संख्या, दोन्ही दिशांना, मोठ्याने मोजून.
- चार जागी अंतर, टेपने.
- कव्हर, ठोकळ्याने. ब्लॉक सगळे उभे आहेत का.
- सेंटर पुन्हा दोरीवरून. स्टार्टरला दोन बाजूंनी ओळंबा.
- फुटिंगमधल्या रिंगा, हूक.
- जाळीत पडलेला कचरा: तारेचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या, लाकडाचा भुसा, वाळलेला चिखल. तारेचे तुकडे तळाशी राहिले तर काँक्रीटवर गंजाचे डाग पडतात.
- भरतीचं खारट पाणी रात्रीतून जाळीवर येऊन गेलं असेल तर गोड्या पाण्याने सगळं स्टील धुऊन घ्या, मगच काँक्रीट.

मोबाइलवर फोटो काढा, टेप फोटोत दिसेल असा. काँक्रीटखाली गेल्यावर दाखवायला दुसरं काही राहत नाही.

## १०. ओतकाम चालू असताना

एक फिटर हूक आणि तार घेऊन खड्ड्याशी थांबलाच पाहिजे. बांधणीचा ठेका संपला म्हणून तो आदल्या रात्रीच दुसऱ्या साइटवर निघून जातो, हे ठेका देतानाच बोलून घ्या.

गाडीच्या पन्हाळीतून काँक्रीट स्टार्टरवर सोडू नका. दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून तर कुठेच नको. घमेल्याने असो वा पन्हाळीने, आधी कॉलमच्या चारही बाजूंना थोडं थोडं टाका. एकाच बाजूने ढीग केला की कॉलम पलीकडे झुकतो. व्हायब्रेटरची सुई सळईला टेकवून धरायची खोड असते, 'काँक्रीट लवकर बसतं' म्हणून. अशाने गाठी सुटतात आणि ब्लॉक सरकतात. सुई दोन सळ्यांमधल्या गाळ्यात उभी घालायची, उभीच काढायची. चालायला जाळीवर फळ्या टाका.

वरची पातळी झाली की लगेच, काँक्रीट ओलं असतानाच, स्टार्टरला पुन्हा ओळंबा लावा आणि दोरीवरून सेंटर बघा. या वेळी पाच-दहा एमएम हाताने सरकतं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तर सळई वाकवून आणायची वेळ येते, आणि तो तिरपा एकास सहापेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे २० एमएम सरकवायला १२० एमएम उंची लागते. त्यापुढे इंजिनिअरला फोन.

स्टार्टरवर उडालेला काँक्रीटचा राप ओला असतानाच गोणपाटाने पुसून काढा. वाळला की छिन्नी लागते. पुढचं काम पावसाळ्यानंतर होणार असेल तर उघड्या सळ्यांना सिमेंटच्या पातळ राबड्याचे दोन हात मारा, आणि पुन्हा काम सुरू करताना वायर ब्रशने तो थर काढायला विसरू नका.